तीन नंबरची खिळी

शाळेत त्याला सगळे ससा म्हणायचे. शिक्षिकेने मुलांना असल्या नावांनी हाक मारू नये हे ठाऊक असूनही मीही म्हणायचे, कारण तो होताच तसा. वर्गाच्या दाराची कडी वाजली तरी त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडायची. घाबरला की उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढत बसायचा. आज तो एकावन्न वर्षांचा आहे, कपाळ पार टाळूपर्यंत गेलंय, पण पाळी तशीच ओढतो. आमच्याच इमारतीत, माझ्या बरोब्बर वरच्या खोल्यांत तो आणि त्याची बायको राहतात. त्याच्या येरझाऱ्या मला छतातून ऐकू येतात, आणि त्यावरून त्याचा दिवस कसा गेला ते मला समजतं.

चौथीत तो माझ्या वर्गात होता, शेवटच्या बाकावर. फळ्यावर लिहून झालं की मी वळून विचारायचे, "दिसतंय ना सगळ्यांना?" वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा आणि त्यात सशाचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. वर्ष संपता संपता डोळे तपासायला डॉक्टर आले, तेव्हा कळलं की या मुलाला तक्त्यावरच्या दोनच ओळी दिसतात. वर्षभर तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेत होता. मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "अरे, मग सांगितलं का नाहीस?" पाळी ओढत तो म्हणाला, "तुम्ही 'दिसतंय ना' असं विचारता, बाई." मला तेव्हा वाटलं, कारणं सांगतोय.

तर हा ससा पुढे एक्स-रे काढणारा झाला. इमारतीतली मुलं त्याला फोटोकाका म्हणतात. सव्वीस वर्षं तो एकाच इस्पितळात, तळमजल्यावरच्या एकाच बिनखिडकीच्या खोलीत काम करतो. माझ्या मनगटाचा फोटो काढायला मी गेले होते, तेव्हा त्याला काम करताना पाहिलं. ज्या गार पाटीवर हात ठेवायचा असतो, तिच्यावर आधी स्वतःचा तळहात ठेवून तो ती कोमट करत होता. "गार लागलं की माणूस दचकतो, बाई," म्हणाला. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती आधी कळते. त्याच्या खोलीत लहान मुलं फारशी रडत नाहीत, असं तिथल्या नर्स सांगतात.

अडीच वर्षांपूर्वी इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एक संशोधक मॅडम आल्या. तिशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या. त्यांना सगळे खिळीवाल्या मॅडम म्हणू लागले, कारण त्या हाड जोडायची खिळी करत होत्या. आगपेटीच्या काडीहूनही बारीक. मोडलेल्या हाडात ती ठोकायची, हाड जुळेपर्यंत ती धरून ठेवते आणि मग वर्षा-दोन वर्षांत आपली आपण विरघळून जाते. स्टीलची तार घातली की ती काढायला पुन्हा कापाकापी करावी लागते. इथे ते नाही. अडचण एकच होती. असली खिळी एक्स-रेत दिसत नाही. हाड दिसतं, स्टील दिसतं, पण ही मांसासारखीच, फोटोत तिचा पत्ता नाही. ती जागेवर आहे की सरकून सांध्यात घुसलीये, हे डॉक्टरांना कळायचं कसं? म्हणून मॅडम तिच्यात आयोडीनची एक पावडर मिसळत होत्या. ती फोटोत पांढरी दिसते आणि खिळी विरघळली की शरीरातून निघून जाते.

आता पावडर किती घालायची हा खरा प्रश्न. कमी घातली तर खिळी दिसत नाही, जास्त घातली तर ती फळ्यावरच्या खडूसारखी पटकन मोडते. मॅडमनी पाच नंबर केले. एक नंबरात पावडर सगळ्यांत कमी, पाच नंबरात सगळ्यांत जास्त. जो सगळ्यांत कमी पावडरीचा नंबर फोटोत दिसेल, तो घ्यायचा असं ठरलं. आणि दिसतो की नाही हे सांगायचं काम सशाकडे आलं.

खाटकाकडून आणलेल्या हाडात खिळी ठोकायची, हाड पाण्याच्या डब्यात ठेवायचं, म्हणजे भोवती मांस असल्यासारखं होतं, आणि फोटो काढायचा. डबा ससाच लावायचा. हाडाच्या गाठीखाली दोन बोटांवर खिळीचं भोक आहे, हे त्याला ठाऊक असायचं. पाच आणि चार नंबर ढळढळीत दिसले. मग तीन नंबरचा फोटो पडद्यावर आला. मागे मॅडम, त्यांचे वरिष्ठ, हाडांचे डॉक्टर आणि आणखी दोघे उभे. मॅडमनी विचारलं, "तीन नंबर दिसतंय ना?"

ससा गाठीखाली दोन बोटांवर बघत राहिला. "दिसतंय," म्हणाला.

"हो हो, ती काय!" मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनाच दिसली. सशाने छापील फिल्मवर लाल पेनाने तिथे गोल काढला. त्यानंतर ज्याने ज्याने ती फिल्म पाहिली, त्याला त्या गोलात खिळी दिसली. दोन नंबर कुणालाच दिसला नाही, म्हणून तीन नंबर पक्का झाला. पुढची सगळी परीक्षणं, परवानग्या, सह्या त्या तीन नंबरच्या.

आणि दोन वर्षांनी पहिली खिळी ज्या माणसाला घालायची, ते माणूस निघालं चादरताईंची लेक.

चादरताई इस्पितळाच्या धुलाईघरात आहेत. वॉर्डावॉर्डांतून मळक्या चादरी गोळा करून नेणं आणि धुतलेल्या आणून देणं हे त्यांचं काम, आणि सगळ्यांना फटकळ बोलणं हा त्यांचा स्वभाव. त्यांची लेक वीस वर्षांची, केस कापायचं शिकत होती. शुक्रवारी ती जिन्यावरून पडली आणि उजव्या कोपरातल्या हाडाचा एक कपचा उडाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ही जागा नव्या खिळीसाठी अगदी योग्य आहे, दुसऱ्यांदा कापावं लागणार नाही. ऑपरेशन सोमवारी सकाळी नऊला ठरलं.

शनिवारी चादरताईंनी सशाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. काखेत चादरींचं गाठोडं, हातात सही करायचा कागद.

"भाऊ, डॉक्टर सांगतात ते डॉक्टरांचं. तुम्ही सांगा. ती खिळी फोटोत दिसते म्हणतात, ते खरं?"

"मी स्वतः पाहिलीये, ताई."

"स्वतः?"

"स्वतः."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी ते गाठोडं त्याच्या हातात दिलं, त्याच्याच पाठीवर कागद टेकवला आणि सही केली. "हलू नका हो, सही वाकडी येईल!"

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याची बायको बटणं लावत बसली होती. ती शिवणकाम करते, मुख्यतः शाळेचे गणवेश. तिच्या हातून सुई पडली. त्यांच्या खोलीत ठिपक्याठिपक्यांची फरशी आहे, तिच्यावर सुई शोधणं म्हणजे शिक्षाच.

"अहो, जरा बघा हो. माझा पाय पडेल नाहीतर तुमचा."

ससा गुडघ्यावर बसून शोधू लागला. टॉर्च घेतला, फरशीवर गाल टेकवून पाहिलं. पाच मिनिटं गेली.

"नाहीये इथे."

"नाहीये काय! तुमच्या गुडघ्यापासून वीतभर. ती फुटकी फरशी आहे ना, तिच्या कडेला. ती काय!"

आणि दिसली. त्याने डोळे मिटले, उघडले. आता तिथून नजर हलवली तरी ती दिसायची थांबेना.

"आधी का नाही दिसली?" त्याने विचारलं.

"आधी मी सांगितलं नव्हतं म्हणून," बायको दातांनी दोरा तोडत म्हणाली.

हे सगळं नंतर मला त्या दोघांनी सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की वरच्या येरझाऱ्या सुरू झाल्या आहेत, आणि त्या नेहमीच्या नाहीत. चार पावलं, थांबणं, चार पावलं, पुन्हा थांबणं. मग जिन्यावरून कुणी धडधडत उतरल्याचा आवाज आला. तासाभराने माझी बेल वाजली.

दारात ससा. हातात इस्पितळातून आणलेलं मोठं पिवळं पाकीट, शर्टाची पाठ घामाने चिकटलेली.

"बाई, काही विचारू नका. फक्त बघा, आणि जे दिसेल ते सांगा."

पाकिटात पाच फिल्म होत्या. खिळ्या तपासल्या त्या दिवशी प्रत्येक नंबरचा त्याने एक जादाचा फोटो दुसऱ्या बाजूने काढून ठेवला होता, त्यावर लाल गोल नव्हता. त्याने पहिली फिल्म माझ्या खिडकीच्या काचेला धरली.

"हाड दिसतंय," मी म्हणाले. "मोडकं आहे का?"

"आणखी?"

"आणखी काही नाही."

दुसरी धरली. मी चष्मा पुसून पाहिलं. "यात एक बारीक रेघ आहे. ही बघ, खाली."

तो जवळ वाकला. तिथे त्याने नखाने हलकेच घासलं. "हा फिल्मवर उठलेला ओरखडा आहे, बाई. खिळी इथे नाहीये." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "वर काही दिसतं?"

"नाही रे."

"नीट बघा."

"नीटच बघतेय. नाही दिसत."

तिसऱ्या फिल्ममध्ये मात्र शाळेतल्या पोरालाही दिसावी अशी पांढरी काडी होती. मी तसं म्हटलं. तो खुर्चीत बसला आणि पाळी ओढू लागला.

"हा चार नंबर," म्हणाला. "ओरखड्याचा होता तो तीन. उद्या नऊ वाजता तो त्या पोरीच्या कोपरात जाणार आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. मी पाणी दिलं, ते त्याच्या हनुवटीवरून खाली गेलं. "अरे, मी म्हातारी बाई, माझ्या डोळ्यांचं काय धरून बसतोस?" मी म्हणाले. त्याला धीर द्यायला म्हणाले, पण मनात मी त्या चौथीच्या वर्गात फळ्यापाशी उभी होते आणि विचारत होते, दिसतंय ना?

तो म्हणाला, "बाई, येताना एक विचार आला. गप्प बसावं. खिळी बहुतेक जागेवरच राहील. आणि सरकली तरी कुणाला दिसणार आहे? पोरीचं कोपर आतून घासत राहील, ती म्हणेल दुखतंय, मी फोटो काढीन आणि डॉक्टर म्हणतील सगळं ठीक आहे. माझ्यापर्यंत कुणी येणारच नाही. हे माझ्याच डोक्यात आलं, बाई. तेव्हापासून मला माझीच भीती वाटतेय."

मी चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले. वाटेत तो दोनदा थांबला. एकदा म्हणाला पाकीट विसरलो, ते त्याच्या बगलेत होतं. दुसऱ्यांदा म्हणाला, "मॅडमची दोन वर्षं गेली, बाई. त्या माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत." फाटकापाशी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो आत गेला.

आत आधी तो आपल्या खोलीत गेला. तिथे दुपारपाळीचा सोबती होता, फोटो वाचण्यात सशापेक्षाही तरबेज. सशाने तीच फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "यात खिळी कुठे आहे?"

सोबत्याने डोळे बारीक केले आणि ठामपणे एका जागी बोट ठेवलं. चुकीच्या जागी.

"का रे, काय झालं?" त्याने विचारलं. सशाने फिल्म पाकिटात घातली आणि तो वॉर्डाकडे निघाला.

हाडांचे डॉक्टर संध्याकाळच्या फेरीला आले होते. वॉर्डाच्या दारात ससा तीनदा गेला आणि तीनदा मागे आला. शेवटी डॉक्टरच ओरडले, "काय हो, पहारा देताय का?" तेव्हा तो आत शिरला आणि उभ्या उभ्या एका दमात म्हणाला, "साहेब, तीन नंबर मला दिसला नव्हता. कुठे आहे ते माहीत होतं म्हणून दिसला असं वाटलं. उद्या ती खिळी घालू नका."

डॉक्टरांनी मॅडमना फोन केला. त्या वीस मिनिटांत आल्या. आधी त्यांचा विश्वास बसेना.

"मी तुम्हाला विचारलं होतं! सगळ्यांसमोर विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मग?"

सशाने पाळी धरली. "तुम्ही 'दिसतंय ना' असं विचारलं होतं, मॅडम."

मॅडम चिडल्याच. "म्हणजे चूक माझी?"

"नाही हो. बोललो मी. चूक माझी. मी 'दिसतंय' म्हटलं आणि वर लाल गोल काढला, म्हणून सगळ्यांना दिसली."

मग मॅडमनी गोल नसलेली फिल्म उजेडावर धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "मी पण तिथेच उभी होते," शेवटी एवढंच म्हणाल्या, आणि सशाकडे न बघता फिल्म पाकिटात घातली.

चादरताईंना सांगायला डॉक्टर स्वतः गेले, पण ससाही मागोमाग गेला. लेक खाटेवर, कोपर उशीवर. डॉक्टर म्हणाले, उद्या नेहमीची स्टीलची तार घालू, सहा आठवड्यांनी ती काढावी लागेल. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके. लेकीने तोंड भिंतीकडे फिरवलं. चादरताई सशाकडे वळल्या.

"स्वतः पाहिलीये म्हणालात ना?"

"म्हणालो, ताई."

"तुमच्या पाठीवर कागद ठेवून सही केली मी!"

"हो."

"जा इथून."

तो आला, माझ्या दारावरून तसाच वर गेला. छतातून काहीच आवाज आला नाही, आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी नवी परीक्षा घेतली. या वेळी डबे त्यांनी बंद खोलीत भरले. कुठे खिळी वर, कुठे खाली, काही हाडांत नाहीच. प्रत्येक नंबराचे वीस डबे. सशाला आणि त्याच्या सोबत्याला वेगवेगळं बसवलं. कुणी मागे उभं राहायचं नाही आणि "ना" लावून विचारायचं नाही, असा नियमच मॅडमनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. तीन नंबरचे दोघांचे निकाल इतके चुकले की नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढेच बरोबर आले असते. चार नंबरचे वीसपैकी एकोणीस बरोबर आले. पण चार नंबर अजून थोडा ठिसूळ आहे. मॅडमना आणखी वर्षभर खपावं लागणार. त्या सशाशी बोलतात, पण कामापुरतं. चार नंबरच्या एका डब्याच्या फोटोपाशी, तो सांगत होता, तो पंधरा मिनिटं बसला. समोर सगळं कोरं. खिळी असूनही दिसत नसेल, तर चार नंबरही गेला आणि त्याबरोबर मॅडमचं सगळंच गेलं. हात पाळीकडे गेला. मग त्याने लिहिलं, 'दिसत नाही'. त्या डब्यात खिळी नव्हतीच.

"मग आता भीती गेली का रे?" मी विचारलं.

"छे! आता तर साधा पायाचा फोटो काढतानाही वाटते."

सहा आठवडे चादरताई त्याच्या खोलीत चादर द्यायला आल्या की दारातच ठेवून जायच्या. तो "ताई" म्हणायचा, त्या ऐकल्यासारखं दाखवायच्या नाहीत. मग तार काढायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोटो काढायचा होता. सशाने पाटी तळहाताने कोमट केली, लेकीचा हात अलगद ठेवला. चादरताई दारात उभ्या.

फोटो पडद्यावर आला. ससा कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने पडदा दाराकडे वळवला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले, म्हणजे बोट चुकूनही कुठे जायला नको.

"ताई, मी काही सांगत नाही. तुम्ही बघा. यात काय दिसतं?"

चादरताई आत आल्या. पडद्यापाशी वाकल्या. ससा मागे उभा होता. त्यांनी बोट उचललं, नेमकं तारेवर ठेवलं, वरपासून खालपर्यंत फिरवलं, आणि मग हाडाच्या त्या कपच्यावर आणलं, जिथे आता फटच उरली नव्हती.

"ही तार. आणि इथे जुळलंय. एवढं ढळढळीत दिसतंय, तर मला काय विचारता?"

"विचारायला हवं, ताई."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग काखेतली धुतलेली चादर त्याच्या हातात दिली, दारात न ठेवता. त्याने ती एका हाताने छातीशी धरली, दुसरा हात पाळीकडे गेला.

"सोडा तो कान," म्हणाल्या. "तुटेल एखाद दिवशी."